सोबा नाही

तीन वर्षांनंतर पहिल्यांदाच नात्सुकोने आपली लेक आजोबांच्या हवाली केली, तीही चार तासांपुरती. सकाळी दहा ते दुपारी दोन. कामावर निघताना दारात वाकून बुटांचे बंद बांधता बांधता तिच्या सूचना चालल्या होत्या.

"बाबा, जेवायला त्या दोन ठिकाणांपैकीच कुठेतरी जा. तिथे तिला ओळखतात."

"हो."

"आणि तिसरीकडे जायची वेळ आलीच, तर वाढणाऱ्याला विचारू नका. रांधणाऱ्याला विचारा."

"अगं, चाळीस वर्षं शाळेत पोरं सांभाळली मी."

"माहितीय. त्यातली एक मी होते. म्हणून तर सांगतेय," नात्सुको म्हणाली, आणि हसली. पण दार ओढून घेताना तिने कोहारुच्या पाठीवरच्या पिशवीवरून हात फिरवला. आतली लाल थैली जागेवर आहे, हे तिने बोटांनीच पाहून घेतलं.

त्या थैलीत औषधाची सुई होती, पेनासारखी. मांडीवर दाबली की आपोआप टोचते. आठ वर्षांच्या कोहारुला सोबाचं वावडं होतं. सोबा म्हणजे कुट्टूचं धान्य, आणि त्याच्या पिठाच्या करड्या शेवयांनाही लोक सोबाच म्हणतात. धान्य आणि पदार्थ, दोन्हींना एकच नाव. चिमूटभर पीठ जरी पोटात गेलं, तरी त्या पोरीचा घसा आतून सुजून बंद होऊ लागे.

हे आजोबांना, ओदाशिमा गुरुजींना, ठाऊक नव्हतं असं नाही. मोरिओकाच्या आपल्या घरातून त्यांनी सोबाचा कण अन् कण काढून टाकला होता. शेवया गेल्या, सोबाचा चहा गेला, सोबाचे गोड उंडे गेले. तरी तीन वर्षांपूर्वी, पाच वर्षांची कोहारु त्यांच्याकडे राहायला आली, तेव्हा सकाळी तिचे डोळे सुजून मिटलेले होते आणि छाती शीळ घालत होती. तिला दिलेल्या जुन्या उशीत सोबाची फोलपटं भरलेली होती. गुरुजींच्या आजीच्या वेळेपासून त्या घरातल्या सगळ्या उशा तशाच भरत आल्या होत्या. उशी कोण खातं, असं त्यांना वाटलं होतं.

त्या दिवसापासून नात्सुकोने लेकीला मोरिओकाला पाठवलं नाही. भांडली नाही, बोलली नाही, फक्त पाठवलं नाही. दरम्यान गुरुजींची पत्नी वारली. नातीने आजीच्या थडग्यावर अजून पाणी घातलेलं नव्हतं. या वर्षी गुरुजी स्वतःच सेंदाईला आले, चार दिवस लेकीच्या घरी राहिले, आणि शेवटी नात्सुको म्हणाली होती, "आजचा दिवस नीट गेला, तर पुढच्या आठवड्यात ओबोनला तिला घेऊन जा तुम्ही. सात दिवस." ओबोन म्हणजे पितरांचे दिवस. गुरुजींना त्याहून जास्त काही नको होतं.

सकाळ चांगली गेली. तानाबाताचा सण होता. बाजारपेठेच्या छपराखाली कागदी झिरमिळ्या इतक्या खाली लोंबत होत्या, की गुरुजींना मान वाकवून चालावं लागत होतं, आणि कोहारु मुद्दाम उड्या मारून त्या डोक्याने हलवत होती. साडेअकराला तिला भूक लागली. पहिलं ओळखीचं ठिकाण बंद होतं. दारावर बुधवारच्या सुट्टीची पाटी होती. दुसऱ्या ठिकाणी, सुशीच्या दुकानासमोर, सणाची गर्दी जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत आली होती.

"दोन तास लागतील," रांगेतला एक माणूस म्हणाला. "आम्ही तर आता संध्याकाळच्या जेवणालाच उभे आहोत."

घरी परतून भात लावता आला असता. गुरुजींच्या मनात तो विचार आलाही. पण कोहारु एका अरुंद जिन्याखाली, काचेच्या चौकटीतल्या पदार्थांच्या यादीसमोर थांबली होती. ती बोट फिरवत फिरवत वाचत होती, गोष्टीचं पुस्तक वाचावं तशी.

"नारळाच्या दुधातली मिसो आमटी. किमची घातलेला तेम्पुरा. आजोबा, हे बघा, तांदळाच्या पातळ पापडीत गुंडाळलेला ट्युना मासा, वर थाई तुळस. थाई तुळस कशी लागते?"

"मला काय माहीत? मी कुठे खाल्लीय."

"आमच्या वर्गात रिओने खाल्लीय. ती म्हणते, बडीशेप आणि पुदिना भांडले तर तसा वास येईल." ती यादीवरून नजर न काढता म्हणाली, "सुट्टीनंतर सगळ्या सांगतात कुठे कुठे जेवल्या. मी दर वेळी ऑम्लेट-भात सांगते."

ती हट्ट करत नव्हती. हट्ट केला असता तर गुरुजींना नाही म्हणणं सोपं गेलं असतं. त्यांनी फोन काढला, एकेक अक्षर शोधत नात्सुकोला लिहिलं, की दोन्ही ठिकाणं मिळाली नाहीत, एका आशियाई खाणावळीत जातो आहोत. उत्तर लगेच आलं: "रांधणाऱ्याला विचारा."

वर अंधारं, थंड आणि नीटनेटकं होतं. प्रत्येक टेबलावर बांबूच्या शेडचा एकच पिवळा दिवा. स्वयंपाकघराच्या दारावर निळा पडदा होता. त्याच्या खालून रांधणाऱ्या बाईचे पांढरे बूट इकडून तिकडे धावताना दिसत होते, आणि तळणीचा चर्र आवाज थांबत नव्हता. वाढायला पन्नाशीच्या एक गोलसर बाई होत्या, छातीवर सुगावारा नावाची पट्टी.

"या, या. कुठून आलात? बोलण्यावरून उत्तरेचे वाटता."

"मोरिओका."

"तरीच. सणाला आमच्याकडे आणि खायला मात्र तुमचंच चांगलं, असं म्हणणारे तुम्ही लोक," बाई म्हणाल्या, आणि कोहारुसमोर पाण्याचा पेला ठेवला. "काय गं, आजोबा चिडतात का?"

"चिडत नाहीत. शिकवतात," कोहारु म्हणाली.

"अरे देवा. ते तर त्याहून वाईट."

गुरुजी हसले. मग त्यांनी घसा साफ केला आणि विचारलं, "बाई, एक विचारायचं होतं. तुमच्याकडे सोबा असतो का? या मुलीला चालत नाही. अजिबात नाही."

"मोरिओकाचा माणूस, आणि सोबा नको?" सुगावाराबाईंनी कपाळाला हात लावला. "तुमच्या गावात तर शंभर-शंभर वाट्या सोबा खायच्या पैजा लागतात. पण काळजी नको. सोबा नाही आमच्याकडे. कधीच नसतो. सोबाचं दुकान खाली, कोपऱ्यावर आहे."

बाई खोटं बोलल्या नाहीत. गुरुजींनी विचारलं होतं ते धान्याबद्दल, आणि बाईंनी ऐकलं ते पदार्थाबद्दल. शब्द एकच होता, म्हणून दोघांनाही वाटलं की आपलं बोलणं पूर्ण झालं.

गुरुजींनी निळ्या पडद्याकडे पाहिलं. पांढरे बूट आता जवळजवळ पळत होते. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. दुपारच्या गर्दीत रांधणाऱ्या बाईला बाहेर बोलवायचं, आणि तेच पुन्हा विचारायचं, तेही या बाईंच्या देखत, म्हणजे तुमच्या शब्दावर विश्वास नाही असं तोंडावर सांगण्यासारखं झालं असतं. गुरुजी तसं करणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी नात्सुकोचा निरोप आठवला आणि मनात म्हटलं, विचारलं तर आहेच.

"मग काय घेणार?" सुगावाराबाईंनी वही काढली.

कोहारुचं बोट यादीत एका ठिकाणी अडलं होतं. "आजोबा, हे अक्षर 'थंड'. आणि हे?"

"तुला येतं ते. डावीकडे काय दिसतं?"

"गहू."

"उजवीकडे?"

"चेहरा. गव्हाचा चेहरा? अं… शेवया. थंड शेवया. रेइमेन."

"बरोबर." आणि ते दोन शब्द ऐकून गुरुजींच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. रेइमेन तर त्यांच्या गावचीच. मोरिओकाची पोरं रेइमेन खातच मोठी होतात. बटाट्याचं सत्त्व आणि गव्हाचं पीठ, लख्ख पारदर्शक, रबरासारख्या चिवट शेवया, थंडगार रश्शात, वर किमची म्हणजे आंबवलेला तिखट कोबी, उकडलेलं अंडं आणि कलिंगडाची फोड. नात्सुकोने लेकीसाठी टाळायच्या पदार्थांची जी यादी केली होती, तिच्यात फ्रेंच धिरड्यांपासून उशांपर्यंत सगळं होतं. रेइमेन नव्हती. नात्सुकोही मोरिओकाचीच ना.

"हिला रेइमेन," ते म्हणाले. "मला तो किमचीचा तेम्पुरा. बघू तरी कसला लागतो."

समुद्रापलीकडे, जिथून ही थंड शेवयांची रीत आली, तिथल्या उत्तरेला त्या सोबाच्या पिठाच्याच करतात, हे मोरिओकात कुणाच्या गावीही नसतं. गावच्या माणसाला गावचाच पदार्थ कोण शिकवणार?

वाडगा आला तेव्हा कोहारुने दोन्ही हात गालांना लावले. रश्शावर बर्फाचे तुकडे तरंगत होते. वर लाल किमची, कलिंगडाऐवजी पेअर फळाची पातळ फोड, लिंबाची चकती, आणि हिरवी थाई तुळस. शेवया थोड्या करड्या दिसत होत्या. गुरुजींना ते दिसलं. त्यांनी वर बांबूच्या दिव्याकडे पाहिलं. वाडगाही काळा होता; त्यामुळेच तशा दिसत असतील.

"रिओ खरं बोलत होती," कोहारु तुळशीचं पान चावून म्हणाली. "भांडतात."

ती भराभर खात होती. गुरुजी आपली तेम्पुराची भजी विसरून तिच्याकडे बघत राहिले. ओबोनचे बेत मनात रचले जात होते. नदीवर जायचं, आजीच्या थडग्यावर दोघांनी मिळून पाणी घालायचं, संध्याकाळी पितरांसाठी दारात जाळ करायचा. भिंतीवरचं घड्याळ बारा वाजून आठ मिनिटं दाखवत होतं. त्यांनी ते सहज पाहिलं होतं. नंतर ते दोन काटे त्यांना विसरता आले नाहीत.

"आजोबा, घशात टोचतंय."

"किमची आहे ना ती. तिखट असणारच. पाणी पी."

ती पाणी प्यायली. वाडग्यात अजून पाव भाग शेवया होत्या. तिने काड्या खाली ठेवल्या.

"बास?"

"नको वाटतंय आता."

ओदाशिमा गुरुजींच्या काळात शाळेत जेवणाचं ताट रिकामं झाल्याशिवाय मुलांना उठू देत नसत. कित्येक मास्तर मुलांना घंटा झाल्यावरही रडत बसवून ठेवत. गुरुजींनी तसं कधी केलं नाही. त्यांचा नियम वेगळा होता: आणखी तीन घास. नको असलं तरी तीन घास, मग सुट्टी. त्या नियमामुळे ते शाळेतले सगळ्यात मायाळू मास्तर ठरले होते. चाळीस-चाळीस वर्षांची झालेली मुलं अजून भेटली की म्हणत, गुरुजी, तीन घास.

"आणखी तीन घास," ते प्रेमाने म्हणाले. "रांधणाऱ्या बाईला वाईट वाटेल."

कोहारुने त्यांच्याकडे पाहिलं. ती शहाणी मुलगी होती. तिने काड्या उचलल्या. एक. पाणी. दोन. तिसरा घास तिने बराच वेळ तोंडात ठेवला आणि डोळे मिटून गिळला.

मग ती म्हणाली, "चूळ भरून येते."

ती परत आली तेव्हा खोकत होती. गुरुजींनी तिच्या पाठीवर थोपटलं. तिखटाचा ठसका लागला की असंच होतं, म्हणाले. थोडं शांत बस. ती शांत बसली. कानामागे खाजवत राहिली. शेजारच्या टेबलावर दोन बाया कुणाच्या तरी सासूबद्दल हसत होत्या, आणि गुरुजींनी त्यांच्या बोलण्याकडे कान दिला, कारण आपल्या मनात जे डोकं वर काढत होतं, ते त्यांना ऐकायचं नव्हतं. विचारलं होतं ना. सोबा नाही म्हणाल्या ना.

सुगावाराबाई ताटं उचलायला आल्या आणि थबकल्या.

"आजोबा, हिची मान बघा."

मानेवर, गळपट्टीपासून कानापर्यंत, लाल गांधी उठल्या होत्या. ओठ कुणीतरी फुंकून फुगवल्यासारखे दिसत होते. कोहारुने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तर आवाज बाहेर आलाच नाही, फक्त एक बारीक शीळ आली. गुरुजींना ती शीळ ओळखीची होती. तीन वर्षांपूर्वी ऐकलेली.

निळा पडदा बाजूला झाला आणि रांधणारी बाई बाहेर आली. तिचं नाव आराई. चाळिशीतली, बाह्या वर केलेली, हाताला पीठ लागलेलं.

"काय झालं? कशाचं वावडं आहे तिला?"

"सोबा," गुरुजी म्हणाले. "पण सोबा तर नाही ना तुमच्याकडे."

आराईने आपल्या हातांकडे पाहिलं आणि ते दोन्ही हात पाठीमागे नेले.

"शेवयांत आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "अर्धं पीठ सोबाचंच. माझी आजी समुद्रापलीकडची. आमच्याकडे तशाच करतात. सुई आहे का जवळ? सुई असेल तर आत्ता. तुम्हीच टोचा, माझे हात असे आहेत."

पिशवीची चेन अडकली. गुरुजींनी ती ओढून तोडली. लाल थैली, पेन, निळं झाकण. नात्सुकोने काल रात्री त्यांच्याकडून चार वेळा सराव करून घेतला होता. पण सरावाला समोर उशी होती, आणि आता उघडे पडलेले दोन बारीक गुडघे होते. त्यांनी पेन मांडीवर दाबलं. खट्ट असा आवाज झाला. कोहारुने त्यांचं मनगट पकडलं होतं आणि ती त्यांच्याकडे एकटक बघत होती. घड्याळात बारा वाजून चौतीस मिनिटं झाली होती.

रुग्णवाहिका लवकर आली. जिन्यावरून स्ट्रेचर उतरवताना हेल्मेट घातलेल्या माणसाने विचारलं, "त्रास कधी सुरू झाला?"

"आत्ताच," सुगावाराबाई रडत रडत म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांदेखत. आणि आजोबांनी लगेच सुई दिली."

त्या माणसाने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी मान हलवली. ती होकारार्थी होती की नुसतीच थरथरत होती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या माणसाने कागदावर लिहिलं.

नात्सुको दवाखान्यात पोचली तेव्हा कोहारुच्या चेहऱ्यावर रंग परतला होता. नाकावर नळी होती, पण शीळ थांबली होती आणि ती झोपली होती. बाहेर आराई उभी होती. दुकान बंद करून ती टॅक्सीने मागोमाग आली होती. नात्सुकोला पाहताच ती कमरेत वाकली आणि वाकूनच राहिली.

"चूक आमची आहे. आमच्या माणसाने विचारून सांगायला हवं होतं. पदार्थाच्या नावाखाली लिहायला हवं होतं. आजोबांनी आधीच विचारलं होतं हो. आणि त्रास सुरू झाल्याबरोबर त्यांनीच सुई टोचली. ते नसते तर…"

नात्सुकोने वडिलांच्या बाहीला हात लावला. आई गेल्यापासून तिने असा हात लावला नव्हता.

"बाबा, तुम्ही घाबरला नाहीत. मी तर गोठले असते."

गुरुजी भिंतीवरच्या सूचनेकडे बघत राहिले. त्यांना ती वाचता येत होती, पण अर्थ लागत नव्हता.

तीन वाजता डॉक्टर आल्या. तरुण होत्या, आवाज मऊ होता. हातात तोच रुग्णवाहिकेतला कागद.

"आता बरं आहे. असंच राहिलं तर पाच वाजता घरी नेता येईल."

"घरी?" नात्सुकोचा आवाज फुटला.

"हो. सुई पहिल्या मिनिटातच मिळाली, त्याचा मोठा फायदा झाला. उशीर झाला असता, तर मी सोडलं नसतं. अशा मुलांना काही तासांनी दुसरा झटका येऊ शकतो, औषध उतरलं की. कधी कधी तो पहिल्यापेक्षा वाईट असतो." त्यांनी कागद उलटला. "पण इथे तर वेळ बारा चौतीस, आणि सुई बारा चौतीस. ठीक आहे. कागद तयार करते."

त्या वळल्या. आराई पुन्हा वाकली. नात्सुकोने डोळे पुसले आणि मोबाईल काढून टॅक्सी कुठून मिळेल ते पाहू लागली.

एवढा वेळ गुरुजींनी कुणालाही काही खोटं सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांनीच सांगितलं होतं, आणि सगळ्यांनी चांगल्या मनाने सांगितलं होतं. त्यांना फक्त बसून राहायचं होतं. बसून राहिलं असतं, तर पाच वाजता घर होतं, आणि पुढच्या आठवड्यात कदाचित मोरिओकाही होतं. खरं काय झालं ते कोहारुला माहीत होतं, पण ती झोपली होती, आणि ती आजोबांची चहाडी करणारी मुलगी नव्हती.

"डॉक्टर," ते म्हणाले.

आवाज इतका बारीक निघाला, की डॉक्टर दारातून बाहेर गेल्याच. गुरुजी उठले आणि त्यांच्या मागे व्हरांड्यात गेले. "डॉक्टर, थांबा. ती वेळ चुकीची आहे."

"कुठली?"

"बारा वाजून आठ मिनिटांनी ती म्हणाली, घशात टोचतंय. मी किमची म्हटलं."

मागोमाग दारापर्यंत आलेल्या नात्सुकोने मोबाईलवरून मान वर केली.

"म्हणजे सव्वीस मिनिटं," डॉक्टर म्हणाल्या.

"हो. आणि त्यानंतर मी तिला आणखी खायला लावलं. तीन घास. तिला नको होतं. मी लावलं."

डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं, कागदावरच्या आकड्यावर रेघ मारली आणि नवा आकडा लिहिला. "रात्रभर ठेवू," एवढंच म्हणाल्या, आणि परिचारिकेला हाक मारत गेल्या. आराईने गुरुजींकडे एकदा पाहिलं, आणि मग कुणाकडेच पाहिलं नाही. थोड्या वेळाने ती निघून गेली.

नात्सुको आत जाऊन खाटेपाशी बसली. गुरुजी दाराजवळच्या खुर्चीवर बसले. साडेतीन झाले, चार झाले. पाच वाजता खालच्या रस्त्यावरून सणाचे ढोल जाऊ लागले. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. तिच्या मानेवरून, खांद्यांवरून गुरुजी तिचा विचार कुठे पोचला आहे ते वाचत होते, आणि तिने काहीतरी बोलावं म्हणून वाट बघत होते, आणि बोलेल म्हणून भीतही होते.

सव्वासहाला कोहारु झोपेत खोकली.

एकदाच. मग पुन्हा. मग तिच्या पोटावर हळूहळू, पाण्यात शाई पसरावी तशी लाली पसरली, आणि खाटेशेजारच्या यंत्रावरचे आकडे उतरू लागले. नात्सुको ओरडली नाही. तिने बेल दाबली आणि दाबूनच ठेवली. चार माणसं धावत आली. पडदा सर्रकन ओढला गेला. पडद्याआडून डॉक्टरांचा मऊ आवाज आता मऊ राहिला नव्हता. "दुसरी सुई. मास्क. कोहारु, डोळे उघड. बघ माझ्याकडे." आणि मधून मधून ती शीळ, आखूड होत जाणारी.

बापलेक व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांच्यामध्ये दीड हाताचं अंतर होतं. ते कमी झालं नाही.

सात वाजायच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आल्या. त्यांच्या कपाळावर केस चिकटले होते.

"आटोक्यात आलंय. पण सकाळपर्यंत काही सांगता येत नाही. पुन्हा येऊ शकतं." आणि जाता जाता, कुणाकडेही न बघता, त्या म्हणाल्या, "एव्हाना तुम्ही टॅक्सीने घरी पोचला असता."

नात्सुको बाकावर बसली. मग म्हणाली, "रेइमेन मीही मागवली असती."

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं.

"मला तरी कुठे माहीत होतं त्यात सोबाचं पीठ असतं ते. आपल्याकडे नसतंच. मी आचाऱ्याला विचारलं असतं म्हणते, पण रेइमेन दिसली असती तर मीही विचारलं नसतं." ती आपल्या तळहातांकडे बघत होती. "पण तिने सांगितल्यावर मी थांबले असते, बाबा. तिने सांगितलं होतं."

"हो."

"ओबोनला ती येणार नाही."

"नाही," गुरुजी म्हणाले. "आणू नकोस."

ती उठली. "मला कामावर फोन करायचाय, तिचे कपडे आणायचेत. अर्धा तास लागेल." ती दोन पावलं गेली आणि थांबली. दुसरं कुणी असतं तर तिने त्याला बसवलं असतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. पण दुसरं कुणी नव्हतं. "तिच्याजवळ बसा. हात लावू नका कशाला. नुसते बसा."

खाटेपाशी दिवा मंद केला होता. कोहारुच्या तोंडावर मास्क होता, आणि त्याच्या प्लास्टिकवर श्वासाचं धुकं येत होतं, जात होतं. गुरुजी ते मोजत बसले. वीस मिनिटं गेली. तिने डोळे उघडले, आजोबांना ओळखलं, आणि मास्कच्या आतून काहीतरी पुटपुटली. त्यांनी कान खाली नेला.

"पायाला खाजतंय," ती म्हणाली. "थोडंसंच. डास असेल."

पांघरूण बाजूला करून त्यांनी पाहिलं. घोट्याजवळ एक लाल ठिपका होता, मसुराच्या दाण्याएवढा. डासाचाच असावा. सणाच्या दिवसांत सेंदाईत डास असतातच.

"झोपा ना आजोबा तुम्ही पण," कोहारु म्हणाली. "काही नाहीये."

गुरुजींनी बेल दाबली.